पाठीवरची पट्टी

माझ्याकडे निजामाच्या राज्यातली दहा रुपयांची एक नोट आहे. ती मधोमध घडीवर फाटलेली आहे आणि मागच्या बाजूने कागदाची पट्टी चिकटवून जोडलेली आहे. पट्टी बोटभर रुंद, जमाखर्चाच्या कुठल्यातरी वहीतून कापलेली, तिच्यावर मोडी अक्षरांची एक अर्धवट ओळ. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत अशा दहाच्या आठ नोटा होत्या. बाकीच्या सात मी विकल्या. ही राहिली ती माझ्या शहाणपणामुळे राहिली नाही. हैदराबादेत नाण्यानोटांचे प्रदर्शन भरले होते, तिथल्या एका व्यापाऱ्याने सात नोटांना लगेच भाव सांगितला. आठवी त्याने उलटी केली, नखाने पट्टी चाचपली आणि म्हणाला, “ये पट्टी निकालके लाओ, फिर देखेंगे.”

त्याचे बाजाराच्या दृष्टीने काही चुकले नव्हते. जुन्या नोटांच्या छंदात किंमत ठरते ती आधी दुर्मीळपणावर आणि मग दर्जावर, आणि पुष्कळदा दर्जाच बाजी मारतो. जी नोट कुणाच्या हातात गेली नाही, जिला घडी पडली नाही, तिला संग्राहक ‘यूएनसी’ म्हणतात. एक हलकी घडी पडली की भाव उतरला. तीन-चार घड्या, मळलेल्या कडा, पेनाने लिहिलेला आकडा, टाचणीचे भोक अशी एकेक पायरी खाली जाते, आणि फाटून जोडलेली नोट तळाशी. हल्ली नोटा परदेशी कंपन्यांकडे पाठवून सत्तरपैकी गुण मिळवायचे आणि प्लास्टिकच्या बंद पाकिटातून परत आणायच्या अशी पद्धत आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखेच ते. फक्त इथे पहिला नंबर त्याचा, जो कधी शाळेत गेलाच नाही.

भारतीय नोटांच्या बाबतीत या मोजमापाची थोडी पंचाईत होते. आपल्याकडे शंभर नोटांची गड्डी तारेची पिन मारून बांधत असत. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना पिना मारणे थांबवायला सांगितले, तोवर छापखान्याच्या वासाची करकरीत नोटसुद्धा डाव्या बाजूला दोन भोके घेऊनच हातात यायची. परदेशी संग्राहकांना ती भोके खुपतात. आपल्याकडचे लोक म्हणतात, ती जन्मखूण आहे, धरू नका.

दर्जाच्या हव्यासापायी मी स्वतः एक नोट मारली आहे. पंचम जॉर्जच्या चित्राची दहाची नोट होती, बऱ्यापैकी चांगली, पण चार घड्या. सुरुवातीची वर्षे होती. साबणाच्या पाण्यात बुडवली, टीपकागदात वाळवली आणि वर कोमट इस्त्री फिरवली. नोट सुंदर दिसू लागली. पुढे एका जाणत्या माणसाने ती हातात घेऊन खिडकीशी तिरकी धरली आणि काही न बोलता परत दिली. छपाईचा जो उंचवटा बोटाला लागायला हवा तो इस्त्रीखाली दबून गेला होता. मग त्याने जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी लावली. कपड्यांच्या साबणात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात ते त्या उजेडात निळसर चमकते, जुना कागद चमकत नाही. माझा पंचम जॉर्ज गणपतीच्या आराशीसारखा उजळून निघाला.

त्यानंतर मी नोटांच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त पाहू लागलो. जोडपट्ट्यांचा नाद लागला म्हणा. आणि जोडपट्टी पाहायची तर सुरुवात करावी लागते ती मुद्दाम कापलेल्या नोटांपासून.

ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. त्याआधी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास आपापल्या नोटा काढत. सरकारी नोटा आल्या तरी त्या देशभर चालत नव्हत्या. देशाचे चलनाच्या कामासाठी भाग पाडले होते, त्यांना सर्कल म्हणत, आणि मुंबई सर्कलची नोट कायद्याने मुंबई सर्कलमध्येच चालायची. पाचाची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळून सगळीकडे चालू झाली, दहाची आणि पन्नासची १९१० मध्ये, शंभराची १९११ मध्ये. आज खिशातली नोट घेऊन आपण गुवाहाटीला उतरतो आणि चहा पितो, ही गोष्ट लाभायला पन्नास वर्षे लागली.

या काळात पैसे परगावी पाठवायचे तर एक युक्ती होती. नोटेचा क्रमांक तिच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही भागांवर छापलेला असे. व्यापारी नोट मधोमध कापी. एक अर्धा भाग पोस्टाने जाई. तो मिळाल्याची पोच आली की दुसरा अर्धा पाठवायचा. वाटेत चोरी झाली तर चोराच्या हाती अर्धी नोट, म्हणजे काहीच नाही. तिकडचा माणूस क्रमांक जुळवून दोन्ही भाग मागून चिकटवी. त्या काळच्या पुष्कळ नोटा अशा जोडलेल्याच मिळतात. पट्टीला कुठे पातळ पांढरा कागद, कुठे पाकिटाचा तुकडा. दोन पत्रे, दोन पोचा आणि मधले काही दिवसांचे वाट पाहणे एका नोटेत असते. बाजारात तिची किंमत न कापलेल्या नोटेच्या मानाने फारच कमी, आणि माझ्यासारख्या बेताच्या पगारदाराला एकोणिसाव्या शतकातली नोट परवडते ती याच कृपेने.

निजामाच्या नोटा मात्र अशा मुद्दाम कापलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्या येतात त्याच मुळी उशिरा, आणि त्यांच्या येण्याला कारण झाले पहिले महायुद्ध. चांदी महागली. रुपयाच्या नाण्यातल्या चांदीची किंमत रुपयावर जाऊ लागली, लोक नाणी दाबून ठेवू लागले. हिंदुस्थान सरकारने कधी न काढलेली गोष्ट काढली, एक रुपयाची नोट, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी. लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिच्यावर रुपयाच्या नाण्याचे चित्रही छापले. पाठोपाठ १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची, म्हणजे त्या वेळच्या बोलीत दोन रुपये आठ आण्यांची नोट आली. अमेरिकेने त्याच वर्षी कायदा करून तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि हिंदुस्थानसाठी चांदी दिली. नोटा विलायतेत छापून बोटीने मुंबईला येत. अशीच ‘शिराला’ नावाची बोट २ जुलै १९१८ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. तिच्यातल्या नोटा लाटांबरोबर किनाऱ्याला लागल्या, पाच आणि दहाच्या तर सही व्हायच्या राहिलेल्या. बहुतेक गोळा करून नष्ट केल्या गेल्या. ज्या थोड्या लोकांनी उचलून ठेवल्या त्या आज लंडनच्या लिलावात मानाने येतात. समुद्रातून आलेल्या नोटेला बाजार माफ करतो, वहीच्या कागदाने जोडलेल्या नोटेला करत नाही. का, ते मला अजून नीटसे कळलेले नाही.

हैदराबाद संस्थानालाही चांदीची तीच अडचण होती. इंग्रज सरकारशी बोलणी करून निजाम सरकारने १९१८ मध्ये स्वतःचा चलनी नोटांचा कायदा केला. आधी दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा निघाल्या, पुढच्या वर्षी एक आणि पाचाच्या. चलनाचे अधिकृत नाव ‘उस्मानिया सिक्का’. मराठवाड्यात मात्र माझ्या लहानपणापर्यंत म्हातारी माणसे त्याला ‘हाली’ म्हणत आणि इंग्रजांच्या रुपयाला ‘कलदार’, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. सात हालीला सहा कलदार असा ढोबळ भाव. सरकारी कागदात तोच भाव शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै असा येतो. सातावर सहा धरून कुणीही करून पाहावे, हिशेब पैपर्यंत जुळतो.

ज्यांची मुळे मराठवाड्यात नाहीत त्यांना हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे बाजाराला जाणे म्हणजे परदेशी जाणे होते. आजोबांचे गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, निजामाच्या हद्दीत. धान्याची मोठी पेठ बार्शी, इंग्रजांच्या हद्दीत. बैलगाडी हालीत निघायची आणि कलदारात पोचायची. मध्ये सराफ बसलेला, तो बट्टा कापून घ्यायचा. आजोबांची थोडी आडत होती. त्यांच्या वहीत म्हणे दोन रकाने असत.

या नोटेची मागची बाजू मला आवडते ती आणखी एका कारणासाठी. तिथे रक्कम मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीत लिहिलेली आहे. पुढे सगळी उर्दू आणि सन फसली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नोटांवरही भाषा वाढत गेल्या होत्या. पहिल्या, व्हिक्टोरिया राणीच्या चित्राच्या नोटांवर दोन भाषांचे चौकोन होते, मग चार झाले, मग आठ. आजच्या नोटेच्या पाठीवर पंधरा आहेत. स्वातंत्र्यानंतर हिंदी मोठ्या अक्षरात आली तेव्हा ‘दो रुपया’ की ‘दो रुपये’ यावर वाद झाला आणि निकाल ‘रुपये’च्या बाजूने लागला. ज्या राज्याचा कारभार उर्दूत चाले, शाळेत मराठीला दुय्यम जागा असे, त्याच राज्याला पैशावर मात्र मराठी लिहावी लागली. बाजारात बसलेल्या माणसाला दहा म्हणजे दहा हे त्याच्या भाषेत सांगितल्यावाचून कागद चालत नाही.

पुढे नाशिकला नोटांचा छापखाना झाला. १९२८ पासून तिथे पंचम जॉर्जची पाचाची नोट छापली जाऊ लागली, आणि मग हैदराबादच्या नोटाही तिथेच छापल्या जाऊ लागल्या. फाळणीनंतर पाकिस्तानला स्वतःचा छापखाना नव्हता, तेव्हा ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ अशी अक्षरे घातलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटाही नाशिकनेच दिल्या. १९४८ च्या पहिल्या सहा महिन्यांत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. एका गावच्या शाईने तीन सरकारांचा पैसा छापला.

संग्राहकांचा दुसरा नाद म्हणजे सह्या. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही, बँकेच्या नोटा १९३८ मध्ये निघाल्या तेव्हा ते गेलेले होते. अमिताभ घोष १९८५ मध्ये वीस दिवस गव्हर्नर होते, त्यांची सही फक्त दहाच्या नोटेवर सापडते. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. त्यांच्या सहीची नोट कोकणातल्या संग्राहकाकडे नाही असे सहसा होत नाही. हैदराबादच्या नोटांवर तिथल्या अर्थमंत्र्यांच्या सह्या असत. त्यांतले गुलाम मुहम्मद पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि जाहिद हुसेन पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. म्हणजे बार्शीच्या सराफाने ज्या सह्या निरखून पारखल्या त्या दहा वर्षांच्या आत दुसऱ्याच देशाच्या झाल्या.

१९४७ च्या नोव्हेंबरात भारत आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने भारताचे चलन आपल्या राज्यात कायदेशीर नाही असा वटहुकूम काढला. पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिल्याचे उघड झाले तेही त्याच सुमारास. दिल्लीच्या तक्रारींच्या यादीत या दोन्ही गोष्टी होत्या. इतिहासाच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात येते. बार्शीच्या वाटेवर याचा अर्थ एवढाच होता, की घरात कलदार असला तर तो लपवायचा. मग रझाकारांचे महिने, हद्दीपलीकडे पळालेली कुटुंबे, १३ सप्टेंबर १९४८ ला आत शिरलेले सैन्य आणि १७ तारखेची शरणागती. आमच्या घरी या गोष्टी १७ तारखेपाशी संपत. त्यानंतरच्या दिवसांत काय झाले हे मी मोठेपणी वाचले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मुसलमानांच्या कत्तलींविषयी लिहून ठेवले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत वाईट, आणि संस्थानभर मेलेल्यांचा आकडा जपून धरला तरी सत्तावीस ते चाळीस हजार. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

निजामाची नोट सप्टेंबरनंतरही काही वर्षे चालत होती. १९५० पासून भारतीय रुपया तिच्या जोडीने आला, भाव तोच सातास सहा, आणि दशक संपेपर्यंत हाली बाद झाला. बदलून घ्यायला पुरेसा वेळ होता. व्यवहारात मुरलेल्या आजोबांनी ऐंशी रुपये तसेच पेटीत का ठेवले हा प्रश्न मला पडायला हवा होता. नोटा विकल्या तेव्हा तो पडला नाही. वडील म्हणायचे, विसरले असतील.

मग २०१६ चा नोव्हेंबर आला. घराघरांत बायकांनी तांदळाच्या डब्यातून, साड्यांच्या घडीतून पाचशे-हजाराच्या नोटा काढल्या. १९४६ आणि १९७८ च्या नोटाबंदीची झळ आमच्यासारख्यांना लागलीच नव्हती, दहा हजारांची नोट आमच्यात कुणी पाहिलेली नव्हती. ही मात्र सर्वांना लागली. पुढे कायदा झाला, त्यात आम्हा छंदिष्टांची दखल होती: बाद झालेल्या नोटा कुणालाही दहापेक्षा जास्त ठेवता येणार नाहीत, अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीस. माझ्या छंदाला कायद्याने आकडा लावून दिला याची गंमत वाटली होती. पण गंमत नंतरची. त्या नोव्हेंबरात मी ऐंशी वर्षांच्या आत्याच्या नोटा बँकेत भरून परत आलो, तेव्हा तिने पावतीवर नजर टाकली आणि विचारले,

“आबांच्या पेटीतल्या त्या हाली नोटा कुठंयत रे?”

मी सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली.

“त्या आपल्या नव्हत्या. बागवानाच्या होत्या. ठेवायला दिल्त्या आबांकडं. आबा म्हणायचे, येईल न्यायला.”

कोण बागवान, नाव काय, तिला आठवेना. ती तेव्हा बारा वर्षांची. पेठेच्या टोकाला बागवानांची घरे होती, पोलीस ॲक्शननंतर ती रिकामी झाली, एवढे तिला आठवत होते. माणूस कुठे गेला, हैदराबादला, कराचीला की कुठेच नाही, हे घरात कुणी विचारल्याचे तिच्या कानावर नव्हते.

मी आठवी नोट बाहेर काढली आणि पट्टीवरची मोडी वाचून घेतली. अक्षर घाईचे, वरची ओळ कापलेली. वाचणाऱ्या गृहस्थांनी भिंग लावून जे सांगितले ते एवढेच: ‘…स यांजकडून हाली’. पुढे कागद संपतो. हा मजकूर त्या नोटांविषयी आहे असे मानायला काही आधार नाही. फाटलेली नोट जोडायला माणूस हाताशी लागेल ते जुने पान कापतो, आणि आडतीच्या वहीत दर पानावर कुणाकडून तरी हाली आलेला असतो. शिवाय नोट आजोबांनी जोडली की ती जोडलेलीच त्यांच्याकडे आली, हेही सांगता येत नाही. इतिहासाचा पुरावा म्हणून मी ती कुणापुढे ठेवणार नाही. ‘स’ने संपणारी नावे मी एका रात्री कागदावर लिहीत बसलो होतो. इलियास, युनूस, अब्बास. तशी विश्वासही होते.

पट्टी पाण्याच्या वाफेने सुटते. खळ जुनी असेल तर दहा मिनिटांत, कागदाला इजा न होता. मला आता ते नीट येते. पट्टी काढली तर नोटेचा दर्जा एक पायरी वर जाईल. ती मी पट्टीसकट पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवली आहे. साध्या प्लास्टिकमध्ये ठेवू नये, दोन पावसाळ्यांत कागद चिकट होतो.

पुढच्या खेपेला आत्याला ती दाखवली. तिने पाकीट हातात घेऊन मागची बाजू पाहिली, मराठीतले ‘दहा’ वाचले.

“म्हणजे सात गेल्या,” ती म्हणाली. “सत्तर हाली.” मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत तिने हिशेब केला. “साठ कलदार.”

मला किती मिळाले, ते तिने विचारले नाही.